लेदर जॅकेटचं माप: आधी खांदा, मग बाकीचं

गेल्या डिसेंबरात माझा भाचा साताऱ्यात राजपथावरच्या एका दुकानात आरशासमोर उभा होता. अंगात काळं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत लावलेली. दोन्ही हातांनी त्याने पुढचा भाग चिमटीत धरून ओढला आणि म्हणाला, "मामा, एक साईज मोठंच घेतो की. थंडीत आत स्वेटर बसंल."

हेच वाक्य बारा वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना ऐकवलं होतं. वडील शिंपी. आयुष्यभर शर्ट-पँट शिवली, लेदर कधी शिवलं नाही, पण मी ऑनलाइन मागवलेलं जॅकेट घालून समोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर अंगठा टेकवला, शिवण कुठे आहे ते चाचपलं आणि म्हणाले, "खांदा पडलाय बघ. छातीचं कायबी करता येतंय, खांद्याचं न्हाय." मी तेव्हा ऐकलं नाही. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस यवतेश्वरच्या घाटात ओल्या वळणावर गाडी घसरली. वेग फार नव्हता. जॅकेट फाटलं नाही, पण बाही इतकी ढगळ होती की कोपरावरचं पॅड फिरून दंडाच्या आतल्या बाजूला गेलं आणि कोपर सोलून निघालं. पॅड होतं, जागेवर नव्हतं. तेव्हापासून जॅकेटचं माप हा माझ्यासाठी नुसता दिसण्याचा विषय राहिलेला नाही. ओळखीतला कुणीही जॅकेट घ्यायला निघाला की मी टेप घेऊन सोबत जातो. त्या अनुभवातून जमलेलं सगळं इथे क्रमाने लिहितो.

कशासाठी घेताय ते आधी ठरवा

साताऱ्यात लेदर जॅकेट अंगावर राहतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुपारी पोवई नाक्यावर ते नकोसं होतं, आणि पहाटे कासला किंवा मेढ्यावरून महाबळेश्वरला निघालं की त्याच्याशिवाय भागत नाही. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हे लग्नकार्याला, संध्याकाळी फिरायला घालणार, की गाडीवर?

फिरायला घालायचं असेल तर मेंढीचं किंवा बकरीचं लेदर बरं. मेंढीचं मऊ, हलकं, साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचं. जॅकेटचं वजन दीड किलोच्या आसपास. बकरीचं तेवढंच पातळ, पण जास्त चिवट. गाडीसाठी गायीचं किंवा म्हशीचं, सव्वा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड; अशी जॅकेटं अडीच-तीन किलोंपर्यंत जातात. मापाशी याचा थेट संबंध आहे. मऊ लेदर अंगावर लगेच रुळतं, जाड लेदर पहिला महिनाभर पुठ्ठ्यासारखं वाटतं. त्यामुळे जाड लेदर दुकानात घालून पाहणारा हमखास एक साईज मोठं उचलतो.

घाटणीनुसारही माप बदलतं. कॅफे रेसर म्हणजे उभी छोटी कॉलर, सरळ चेन, अंगासरशी बेत. तिरक्या चेनचं, मोठ्या कॉलरचं बाइकर जॅकेट १९२८ साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटने मोटारसायकलवाल्यांसाठी आणलं. त्यात पुढे लेदरचे दोन पदर एकमेकांवर येतात, त्यामुळे पोट सुटलेल्या माणसाला ते आवळतं. बॉम्बर वैमानिकांच्या जॅकेटांवरून आलेलं. अमेरिकी सैन्याने ए-२ नावाचं जॅकेट १९३१ मध्ये स्वीकारलं. बॉम्बरला कमरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी असते आणि अंगात थोडा फुगवटा मुद्दाम ठेवलेला असतो. बॉम्बर थोडं सैल चालतं, कॅफे रेसर सैल असेल तर ते दुसऱ्याचं मागून आणल्यासारखं दिसतं.

घरी माप घ्या, दुसऱ्याकडून

स्वतःचं माप स्वतः घेऊ नका. हात वर केला की छाती फुगते आणि खांदा सरकतो. घरातल्या कुणाच्या तरी हातात कापडी टेप द्या, अंगात पातळ टीशर्ट ठेवा, श्वास नेहमीसारखा चालू द्या.

खांद्याला सर्वात जास्त वेळ द्या. हात बाजूला आडवा उचलला की खांद्याच्या टोकाला एक खळगी पडते. हात खाली आणून त्याच जागी बोट टेकवलं की हाड लागतं. हा खांद्याचा शेवट. एका हाडापासून मानेच्या बुडाशी असलेल्या मणक्यावरून दुसऱ्या हाडापर्यंत टेप न्यायची. भाच्याचं हे माप साडेसतरा इंच आलं. खात्री करायची असेल तर घरातला सर्वात नीट बसणारा शर्ट पलंगावर पसरून पाठीकडून खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा.

छाती काखेच्या खालून, टेप पाठीवर कुठेही न घसरता. भाच्याची ३८. पोट बेंबीपाशी. आत ओढू नका. पोट लपवून घेतलेलं माप बसल्यावर चेन लावू देत नाही. बाही खांद्याच्या त्याच हाडापासून, कोपर किंचित वाकवून, मनगटाच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत, भाच्याची साडेचोवीस. दंड सर्वात जाड जागी. हे माप बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांचं जॅकेट नेमकं इथेच अडतं. शेवटचं, मानेच्या मणक्यापासून पँटच्या पट्ट्यापर्यंत पाठीची उंची.

हे सगळं कागदावर लिहा आणि वर ठळक अक्षरात लिहा: अंगाचं माप. हे का, ते लगेच कळेल.

लेबलवरचा आकडा

जॅकेटवर ३८, ४०, ४२ असं लिहिलेलं असेल तर तो ब्रिटिश-अमेरिकी आकडा, म्हणजे इंचात छाती. युरोपीय लेबलवर त्यात साधारण दहा मिळवलेले असतात: ३८ म्हणजे ४८, ४० म्हणजे ५०. एस, एम, एल यांना मात्र काही धरबंद नाही, प्रत्येक कंपनीचा एम वेगळा.

खरा घोटाळा वेगळाच आहे. मापांच्या तक्त्यात "छाती ४१" लिहिलं असेल तर ती तुमच्या अंगाची की तयार जॅकेटची? काही विक्रेते अंगाचं माप देतात, म्हणजे ३८ छातीच्या माणसाने ३८ घ्यायचं, मोकळीक जॅकेटमध्ये धरलेली आहे. काही तयार कपड्याचं माप देतात; तिथे ३८ घेतलं तर चेन लागणार नाही. विचारल्याशिवाय ऑर्डर करू नका. धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवर लेदरची दुकानं आहेत, तिथे मापाने जॅकेट शिवून मिळतं. आपल्याकडचे बरेच जण मुंबईला गेले की तिथून शिवून आणतात. तिथेही फोनवर मापं सांगताना हाच खुलासा करायचा. आपल्या गावच्या शिंप्याने वहीत लिहिलेलं शर्टाचं माप सरळ पाठवू नका. त्यात त्याने कापडाच्या हिशोबाने मोकळीक धरलेली असते, लेदरवाला त्यावर आणखी धरतो, आणि तयार होऊन तंबू येतो.

मोकळीक किती? अंगाच्या छातीपेक्षा तयार जॅकेटची छाती कॅफे रेसरला अडीच-तीन इंच, बाइकर घाटणीला तीन-चार, बॉम्बरला चार ते सहा इंच जास्त असावी. जॅकेट चेन लावून सपाट पसरायचं, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायची. भाच्यासाठी साडेवीस इंच म्हणजे ४१ आम्ही शोधत होतो.

दुकानात: कोणत्या क्रमाने पाहायचं

आत काय घालून जायचं? जे जॅकेटखाली खरोखर घालणार तेच. लेदर वारा अडवतं; गाडीवर थंडी लागते ती मुख्यतः वाऱ्याने. त्यामुळे आत पूर्ण बाह्यांचा टीशर्ट किंवा पातळ थर्मल पुरतं. जाड लोकरी स्वेटर गृहीत धरून जॅकेट घेतलं तर वर्षातले आठ दिवस ते बरोबर आणि उरलेले सगळे दिवस ढगळ. भाच्याला मी हेच सांगितलं आणि त्याच्या अंगातला स्वेटर काढून ठेवायला लावला.

आता अंगात चढवा, चेन उघडी ठेवा आणि फक्त खांदे पाहा. बाही जिथे जोडली आहे ती शिवण हाडाच्या टोकावर किंवा फार तर पाव-अर्धा इंच बाहेर. त्याहून खाली उतरली असेल तर जॅकेट काढून ठेवा, बाकी काही पाहू नका. शिवण हाडाच्या आत असेल तर बाहीच्या वरच्या टोकाला ताण दिसतो आणि हात पुढे केला की पाठ आवळते. रॅगलन बाही असेल, म्हणजे शिवण गळ्यापासून तिरकी काखेत येत असेल, तर खांद्यावर खूण मिळत नाही. तिथे मुंढ्यावरूनच ठरवायचं.

मुंढा म्हणजे बाहीचं भोक. लोकांना वाटतं, मुंढा मोठा तर हात मोकळा. उलट आहे. मुंढा काखेला जवळ असेल तर हात उचलताना फक्त बाही हलते, धड जागेवर राहतं. खाली उतरलेला मोठा मुंढा हाताबरोबर सगळं जॅकेट वर खेचतो. दुकानात दोन्ही हात खांद्याइतके समोर आणा आणि सोबतच्याला खालची कड पाहायला सांगा. इंच-दोन इंच वर गेली तर ठीक. बेंबी दिसू लागली तर मुंढा चुकलाय, आणि तो मोठी साईज घेऊन सुधारत नाही, आणखी बिघडतो. भाच्याने ४० नंबर घातलं तेव्हा नेमकं हे झालं. हात पुढे केले आणि कड चार बोटं वर. ३८ मध्ये जेमतेम दीड इंच. आरशात त्याला स्वतःलाच दिसलं, मला बोलावं लागलं नाही.

मग चेन लावा, गळ्यापर्यंत. पूर्ण श्वास घ्या. छातीवर पाचही बोटं सपाट आत सरकली पाहिजेत, मूठ नाही. चेनच्या दोन्ही बाजूंना आडव्या सुरकुत्या ताणून येत असतील तर छाती किंवा पोट कमी पडतंय. चेनच्या शेजारी उभ्या दुमडी पडत असतील तर जास्त आहे. पाठीकडून सोबतच्याला फोटो काढायला सांगा: दोन खांद्यांच्या मधोमध आडवी ताणाची रेघ म्हणजे पाठ अरुंद, कॉलरच्या खाली आडवी वळकटी म्हणजे पाठ उंच किंवा कॉलर चुकीची बसलीये.

स्वतःला मिठी मारा, दोन्ही हात विरुद्ध खांद्यांवर. नव्या जाड लेदरमध्ये पाठ आवळल्यासारखी वाटेल, ते चालेल. पण काखेत रुतत असेल तर नाही.

बाहीचं एक खास गणित आहे. नवीन बाही सरळ असते. महिनाभरात कोपराच्या आत घड्या बसतात आणि त्या घड्या बाहीची लांबी खातात, अर्धा इंच सहज. म्हणून हात खाली सोडल्यावर नवी बाही मनगटाच्या उंचवट्याच्या थोडी पुढे आलेली असावी. दुकानदार "कापून देतो" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, घड्या बसू द्या.

कॉलर लावल्यावर गळ्यात दोन बोटं. उंची पट्ट्याला झाकणारी.

आपल्या कोल्हापुरीवरून लक्षात ठेवा

लेदर किती सैल होतं हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याचं उत्तर आपल्या भागात पायातच आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन कोल्हापूरबरोबर सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांनाही लागू आहे; ही चप्पल बनवणारे आणि वापरणारे दोन्ही आपल्याकडे आहेत. नवी कोल्हापुरी घेताना कारागीर काय सांगतो? जरा घट्टच घ्या, पट्टा पायावर बसेल. पण टाच बाहेर येत असेल तर तो ती जोडी परत ठेवतो. पट्टा सैल होतो, तळ लांब होत नाही.

जॅकेटचंही तसंच आहे. कोपर, पाठीचा वरचा भाग, दंड आणि छाती इथे लेदर अंगाच्या आकाराप्रमाणे ढिलं पडतं. मेंढीचं लवकर आणि जास्त, गायीचं सावकाश. घेरात अर्धा-पाऊण इंच मिळतो असं धरायला हरकत नाही. खांद्याची रुंदी, बाहीची लांबी आणि पाठीची उंची मिळत नाही. म्हणजे घेराला किंचित आवळ चालतो, लांबीला अजिबात नाही.

रेक्झिन किंवा पीयूचं, म्हणजे नकली लेदरचं, जॅकेट असेल तर हा हिशोब लागू नाही. खाली कापड आणि वर प्लास्टिकचा थर असल्यामुळे ते लेदरसारखं अंगावर रुळत नाही, ताण पडेल तिथे तडकतं आणि काही वर्षांत पापुद्रे निघतात. ते घ्यायचंच तर पहिल्याच दिवशी आरामात बसणारं घ्या.

गाडीवर बसून पाहा

बाइकसाठी घेणाऱ्याने इथे घाई करू नये. दुकानदाराला विनंती करा, टॅग तसाच ठेवून बाहेर लावलेल्या आपल्या गाडीवर पाच मिनिटं बसा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. उभं राहून परिपूर्ण बसलेलं जॅकेट हँडलला हात लावल्यावर वेगळंच वागतं: बाह्या वर सरकतात, पाठ वर जाते, पुढे पोटापाशी गोळा होतं.

हँडल धरल्यावर मनगट झाकलेलं राहिलं पाहिजे आणि ग्लोव्ह्जच्या आत किंवा वर बाही नीट बसली पाहिजे. मधे दोन बोटं उघडी राहिली तर खंबाटकी घाटात पहाटेचा वारा तिथूनच आत शिरतो. मागून पँटचा पट्टा झाकलेला हवा. रायडिंगसाठी बनवलेल्या जॅकेटांच्या बाह्या कोपरात आधीच वाकवून शिवलेल्या असतात आणि पाठीत खांद्यांमागे घडी असते. ती उभं राहिल्यावर थोडी फुगलेली दिसते. तिला दोष समजू नका.

आता पॅड. कोपर आणि खांद्याच्या पॅडवर ईएन १६२१-१ असा युरोपीय मानकाचा शिक्का आणि पातळी एक किंवा दोन लिहिलेली असते. पूर्ण जॅकेटला ईएन १७०९२ खाली सी पासून ट्रिपल ए पर्यंत वर्ग असतो. शिक्का पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. हात हँडलवर असतानाच पॅड बरोबर कोपराच्या टोकावर आहे का पाहा, मग सोबतच्याला बाही बाहेरून धरून पिळायला सांगा. पॅड अर्धा इंच हललं तर चालेल. कोपरावरून उतरलं तर साईज कमी करा किंवा दंडाला, मनगटाला आवळायची पट्टी असलेलं दुसरं जॅकेट घ्या. माझ्या डाव्या कोपरावरचा डाग अजून आहे. ही एक परीक्षा मी केली असती तर तो नसता.

नंतर काय बदलता येतं

कापडाच्या कपड्यात शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते, उसवून सैल करता येतं. लेदरमध्ये ती अगदी थोडी असते, बहुतेकदा डिंकाने चिकटवून दाबलेली, आणि उसवलं तरी सुईची भोकं तशीच राहतात. म्हणजे लेदर आत घेता येतं, बाहेर काढता येत नाही.

कमरेचा घेर बगलेच्या शिवणीतून इंच-दीड इंच कमी होतो, अस्तर उघडून. बाही कफला चेन नसेल तर आखूड होते; चेन असेल तर काम वाढतं आणि खर्चही. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उतरवून, मुंढा कापून पुन्हा चढवायची. त्यात जॅकेट बिघडण्याची भीती इतकी की मी कुणालाच सुचवत नाही.

कारागिराला दोन गोष्टी विचारा: लेदरची सुई आहे का (तिचं टोक चाकूसारखं धारदार असतं) आणि मशीनची दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरते ती) टेफ्लॉनची किंवा चाकाची आहे का. साधी दाबपट्टी लेदरला चिकटते आणि टाके लहान-मोठे पडतात. खुणेसाठी टाचण्या लावू लागला तर थांबवा. टाचणीचं भोकही बुजत नाही, चिमटे लावायचे.

बायकांनी आणि मुलींनी

पुरुषांचं एस घेऊ नका. खांदा बसवायला गेलं तर छातीत अडतं, छाती बसवली तर खांदा पडतो. बायकांच्या जॅकेटमध्ये छातीला आकार देणाऱ्या जोड-शिवणी असतात. त्या शिवणीची वळणाची जागा आपल्या छातीच्या उंचीला येते का ते पाहायचं. माप छातीच्या सर्वात भरलेल्या जागेवरून, रोजचे अंतर्वस्त्र घालून. बाकी क्रम तोच.

ऑनलाइन घेणार असाल

तयार जॅकेटची खांदा, काख ते काख, बाही आणि पाठ ही चार मापं मागवा. घरातल्या नीट बसणाऱ्या जॅकेटशी ती ताडून पाहा. आलं की टॅग न काढता घरातच तासभर घाला, सोफ्यावर बसा, गाडीवर बसायचं तर पार्किंगमध्येच. घडी एकदा बसली की परत घेताना विक्रेता कुरकुरतो, आणि त्याचंही चुकत नाही.

माप टिकवणं

चांगलं बसलेलं जॅकेट आपल्याच हातून बिघडतं ते बहुतेक पावसाळ्यात. भिजलं तर हीटरजवळ, उन्हात किंवा इस्त्रीने वाळवू नका; उष्णतेने लेदर आकसतं आणि कडक होतं, आणि आकसलेली बाही परत लांब होत नाही. कोरड्या फडक्याने टिपून, रुंद हँगरला, पंख्याखाली सावकाश वाळू द्या. तारेचा हँगर कधीच नको. जॅकेटचं सगळं वजन दोन टोकांवर येऊन खांद्यावर उंटासारखे उंचवटे पडतात, म्हणजे जो खांदा एवढा शोधून मिळवला तोच जातो. लाकडाचा रुंद हँगर घ्या.

जून ते सप्टेंबर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं तर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी ठरलेली. जुन्या सुती चादरीची खोळ शिवा, कपाटात दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा सोडा आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडीप मिळाली की बाहेर काढून तासभर सावलीत टांगा. भाच्याच्या जॅकेटची खोळ त्याच्या आजीच्या जुन्या पातळाची आहे. शिवली माझ्या वडिलांनी, खांद्याचं माप घेऊन.